जुनी गाडी लांबून घेतली, आता गावी आणायची कशी?

गाडी उतरवायची कुठे, हे ठरल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नका. नवखा माणूस हा क्रम उलटा लावतो. आधी मोबाईलवर गाडी पसंत करतो, मग ट्रक शोधतो, आणि ट्रक फाट्यावर येऊन उभा राहिला की गावातल्या चार पोरांना फोन लावत बसतो. तोवर अंधार पडलेला असतो, ड्रायव्हर वेटिंगचे पैसे मागायला लागलेला असतो आणि आपली अ‍ॅम्बेसेडर जमिनीपासून चार फूट उंच उभी असते.

हे लिहितोय ते पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी, त्यातही विदर्भातल्या खेड्यात राहणाऱ्यांसाठी. आपल्याकडे हजार किलोमीटरचा प्रवास सोपा आणि शेवटचे दहा किलोमीटर अवघड असतात. म्हणून आखणी आपल्या अंगणापासून सुरू करायची आणि मागे मागे जात गाडीपर्यंत न्यायची.

आधी धक्का शोधा

गाड्या वाहणारे मोठे ट्रेलर आणि बंद कंटेनर हायवे सोडून सहसा आत येत नाहीत. अरुंद पूल, लोंबणाऱ्या विजेच्या तारा, वळायला जागा नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रकचं चाक रुतलं, तर तुमची गाडी राहते बाजूला आणि आधी ट्रकच ओढून काढावा लागतो. तेव्हा हायवेलगतचं एखादं तालुक्याचं गाव धरा.

कोणतं गाव, ते गाडी कुठून येते त्यावर ठरतं. कोइमतूर, बंगळूरकडून येणारा ट्रक हैदराबाद, आदिलाबाद करत राष्ट्रीय महामार्ग ४४ ने पांढरकवड्याला येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाने गाडी नागपूरपर्यंत जाऊ देऊन परत उलटी आणण्यात अर्थ नाही. पांढरकवडा नाहीतर हिंगणघाटलाच उतरवून घ्यावी. कोलकात्याचा ट्रक रायपूर, देवरी, साकोली, भंडारा असा येतो. मुंबई-नाशिककडचा धुळे, जळगाव, मलकापूर, खामगाव, अकोला, मूर्तिजापूर, अमरावती असा येईल, किंवा समृद्धीवरून मेहकर, कारंजा, धामणगाव असा कुठे तरी बाहेर पडेल. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, 'नागपूर' लिहिण्याआधी हे बोलून घ्या. एकदा लिहिलं गेलं की ड्रायव्हर मधे थांबायला तयार होत नाही.

आता धक्का, म्हणजे माल चढवा-उतरवायचा उंच ओटा. ट्रकचा हौदा जमिनीपासून साधारण चार फूट असतो. तेवढ्या उंचीवरून गाडी खाली आणायला समोर तेवढाच उंच ओटा तरी हवा किंवा लांब उतार तरी. ओळखीचं जिनिंग असेल तर कापसाच्या गाठी भरायचा धक्का सगळ्यात सोयीचा, पण हंगामात तिथे गाड्यांची रांग असते. मालकाशी बोलून संध्याकाळची वेळ ठरवा. बाजार समितीचे ओटे बघा, मात्र फीत घेऊन जा, कारण बरेच ओटे ट्रकपेक्षा बरेच खाली असतात. रेल्वेच्या मालधक्क्यावर परवानगीशिवाय ट्रक लावू देत नाहीत. यातलं काहीच नसेल तर जेसीबीवाल्याला सांगून मुरमाचा चढ करून घ्यायचा. मागे पंधरा-सोळा फुटांचा उतार मिळेल एवढा लांब, आणि रोलर नसेल तर ट्रॅक्टरची चाकं वरून फिरवून दाबलेला. नुसत्या भुसभुशीत ढिगाऱ्यावर गाडीचं पुढचं चाक रुततं आणि बंपर मुरमात घुसतो.

मग ट्रक

तीन पर्याय असतात. कार कॅरिअर, म्हणजे बंद कंटेनर, सगळ्यात सुरक्षित आणि बहुधा महाग. हायड्रॉलिक फ्लॅटबेड स्वतः तिरका होऊन विंचने गाडी ओढून घेतो, त्याला धक्का लागत नाही; शे-दोनशे किलोमीटरसाठी तो उत्तम, कोइमतूरहून आणायला परवडत नाही. तिसरा पर्याय परतीच्या ट्रकचा. माझ्या मते विदर्भातल्या माणसाने आधी याचीच चौकशी करावी.

कारण सरळ आहे. आपल्या जिनिंगमधल्या गाठी दक्षिणेतल्या सूतगिरण्यांना जातात. वरूड-मोर्शीची संत्री बंगालमार्गे बांगलादेशापर्यंत जातात. हे ट्रक माल टाकून परतताना भाडं शोधत असतात. अंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर निघतात, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल, आणि कापसाची आवक दिवाळीनंतर जोर धरते. याच महिन्यांत परतीचे ट्रक भरपूर मिळतात. जिनिंगच्या दिवाणजीला किंवा वरूडच्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याला 'कोलकात्याहून एक जुनी गाडी आणायची आहे' एवढं सांगून ठेवलं की आठवड्या-दोन आठवड्यांत एखाद्या ड्रायव्हरचा फोन नंबर मिळतो. शिवाय ड्रायव्हर बहुतेक आपल्याच भागातला असतो, त्याला तुमचा फाटा माहीत असतो. याचं मोल भाड्यातल्या फरकापेक्षा जास्त आहे.

हौद्याची लांबी मात्र स्वतः विचारा. फियाट ११०० किंवा पद्मिनी सुमारे ३.९३ मीटर, म्हणजे तेरा फुटांना किंचित कमी. ती चौदा फुटी आयशरमध्ये फाळका लावून बसते. अ‍ॅम्बेसेडर सुमारे ४.३२ मीटर, म्हणजे चौदा फुटांच्या जराशी वर. तिला सतरा फुटीच हवा. 'भाऊ, ४०७ मध्ये आरामात येते' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. दहा फुटी हौद्यात गाडीचा मागचा भाग उघड्या फाळक्यावर लटकत येतो, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरचा मार तिच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना बसतो.

मे महिना टाळा. अकोला, चंद्रपूरच्या उन्हात दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, उतरवणारी माणसं चिडतात आणि घाईत काहीतरी मोडतं. पावसाळा तर नकोच. दिवाळी ते होळी हा आपला काळ.

तिकडे गेल्यावर

गाडी बघायला स्वतः जा, आणि जमलं तर जाताना जुन्या गाड्यांवर हात चालणारा मिस्त्री सोबत न्या. त्याचं तिकीट आणि दोन दिवसांची मजुरी पुढच्या खर्चात कुठेच्या कुठे वसूल होते.

पहिली गोष्ट पेट्रोलची. बॉनेटच्या कडेला एक प्लॅस्टिकची बाटली टांगलेली असते, तिच्यातून नळी थेट कार्बोरेटरला, आणि इंजिन मस्त चालू असतं. विकणारा म्हणतो, 'बघा, एका सेल्फमध्ये.' बाटलीवर इंजिन चालवून दाखवलं याचा अर्थ टाकीत गंज आहे, पंप मेलेला आहे किंवा पाइप कुजलेला आहे. गाडी नाकारायचं हे कारण नव्हे. पण ती चालवत आणण्याचा बेत तिथेच संपला असं समजा, आणि किंमतही त्या हिशेबाने बोला.

दुसरी, इंजिन आणि चेसिस नंबर. आरसीवरचे अंक आणि लोखंडावरचे अंक एकेक करून जुळवा. नंबरवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की अंक उमटतात; हा पेन्सिल प्रिंट स्वतःच्या हाताने काढा आणि जपून ठेवा. कितीतरी अ‍ॅम्बेसेडर आणि फियाटमध्ये मधल्या काळात डिझेल इंजिनं बसवली गेली. त्याची नोंद आरसीत असेल तर ठीक. नसेल तर ती गाडी तुमच्या नावावर होताना अडकणार.

तिसरी, चाकं फिरतात का? वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे ब्रेक-शू ड्रमला चिकटतात. चारही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवून बघा. फिरत नसतील तर विकणाऱ्याकडूनच मोकळी करून घ्या, नाहीतर चढवताना आणि उतरवताना दुप्पट माणसं आणि दुप्पट शिव्या लागतात. टायरमध्ये हवा टिकते का तेही पाहा. पद्मिनीचा टायर ५.२०-१४ आणि अ‍ॅम्बेसेडरचा ५.९०-१५. तालुक्याच्या टायरवाल्याकडे हे मिळतीलच असं नाही, म्हणून दोन ट्यूब तिकडूनच घेतलेल्या बऱ्या.

बॅटरीबद्दल एकच इशारा. जुन्या ब्रिटिश घडणीच्या बऱ्याच गाड्यांत पॉझिटिव्ह तार बॉडीला असते आणि युद्धकाळातली विलीज जीप ६ व्होल्टची असते. ट्रकची बॅटरी जोडून सेल्फ मारायच्या आधी हे विचारा.

कागद, गाडी हलण्यापूर्वी

इथे फार लोक ढिले पडतात. 'गाडी घेऊन जा, कागद कुरिअर करतो' या वाक्यावर आजवर कुणाचं भलं झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

मूळ आरसी हातात घ्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या. मालक वारलेला असेल, आणि जुन्या गाड्यांत हे नेहमीचं, तर आजोबांच्या नावाची गाडी नातू विकू शकत नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी. आरसीवर १९८० च्या दशकातल्या कर्जाचा बोजा तसाच पडून असेल आणि ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असेल, तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ त्या नव्या बँकेकडून आणावा लागतो. हे काम विकणाऱ्याच्या गावात राहून तोच करू शकतो. आपण दारव्ह्यात बसून ते होत नाही.

गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्यावरच उरलेले पैसे द्या. दिल्लीच्या स्वस्त गाड्यांचे फोटो सगळ्यांनाच भुरळ घालतात. तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं कोर्टकचेरीत आहे, तेव्हा आधी एनओसी, मग भुरळ.

परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, विमा आहे का आणि ई-चलान थकलंय का ते बघा. खाजगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं आणि नंतर पाच-पाच वर्षांनी वाढवायची असते. ती संपलेली असेल तर गाडी रस्त्यावर चालवताच येत नाही, ती दुसऱ्या गाडीवर बसूनच येणार. खूप जुन्या गाड्यांची नोंद ऑनलाइन चढलेलीच नसते. तिथे मूळ आरटीओत जाऊन ती चढवून घ्यायला विकणाऱ्याला लावा.

शेवटी डिलिव्हरी नोट. तारीख आणि वेळ, दोन्ही. दुपारी साडेचारला ताबा घेतला आणि त्याआधीचं सगळं विकणाऱ्याच्या माथी, एवढं त्यात स्पष्ट हवं. दोघांच्या सह्या, दोघांच्या आधारच्या प्रती. आरसी, विक्री करार आणि या नोटची एकेक झेरॉक्स ट्रक ड्रायव्हरकडे द्या, म्हणजे नाक्यावर त्याला कुणी अडवलं तर बोलायला काहीतरी असेल.

चढवणं

चढवण्याआधी निघण्यासारखं सगळं काढा: व्हील कप, समोरचं चिन्ह, आरसे, वायपर, अँटेना, रेडिओ असेल तर तो. हे तुकडे पुन्हा मिळत नाहीत, आणि ढाब्यावर रात्रभर उभ्या ट्रकमधून तेच आधी जातात. पिशवीत भरून स्वतःबरोबर आणा. टाकीतलं पेट्रोल काढा, बॅटरीची तार सोडा. चारही बाजूंनी, आतून आणि पत्र्यावरच्या प्रत्येक पोच्याचे फोटो काढा. ड्रायव्हरला त्यात उभं करून काढला तर आणखी बरं.

हौद्यात गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची. हँडब्रेकवर विसंबायचं नाही. चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि ते हौद्याच्या फळीला खिळ्यांनी ठोकलेले. दोर बंपरला बांधू देऊ नका. क्रोमचा बंपर बघायला भक्कम वाटतो, पण दोन बोल्टांवर उभा असतो. दोर चाकांवरून किंवा अ‍ॅक्सलला घ्यायचा, आणि जिथे पत्र्याला घासतो तिथे गोणपाट. ताडपत्री अंगावर घट्ट आवळली तर वाऱ्याने फडफडून रंग घासते. ती हौद्याच्या दांड्यांवरून टाकायला सांगा.

बिल्टीवर 'जुनी कार, वापरलेली' आणि चेसिस नंबर लिहून घ्या. खाली बारीक अक्षरात 'ओनर्स रिस्क' छापलेलं असतं, म्हणजे नुकसान झालं तर तुमचं. गाडी महागाची असेल तर वाहतुकीचा विमा वेगळा काढा. अ‍ॅडव्हान्स अर्ध्यापेक्षा जास्त देऊ नका.

आणि चालवतच आणायची असेल तर

मन होतंच. कागद वैध असतील, विमा-पीयूसी असेल, मिस्त्रीने ब्रेक उघडून पाहिले असतील आणि अंतर एका दिवसात उजेडी संपणारं असेल, तर आणा. समृद्धीवर मात्र नेऊ नका. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर गाड्या ताशी १२० पर्यंत धावतात. पद्मिनी तिथे साठने चालली की मागून येणाऱ्याला ती उभीच दिसते, आणि बंद पडली तर सावलीही नाही, मिस्त्रीही नाही. जुना रस्ता धरा. दर दहा-पंधरा किलोमीटरला गाव आहे, टपरी आहे, पंक्चरवाला आहे. राष्ट्रीय महामार्गावर अडलात तर १०३३.

सोबत फॅनबेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, प्लग, ब्रेक ऑइल, दोर आणि वीस लिटर पाणी. दुपारी चढावर इंजिन आचके देत बंद पडलं तर बहुतेक वेळा पेट्रोल पंपात वाफ धरलेली असते. ओलं फडकं पंपावर ठेवा, अर्धा तास चहा घ्या, चालू होते. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, ब्लॉक तडकतो. पंपावर आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्याने हळूहळू खराब होतात, म्हणून निघण्याआधी पाइप नवे टाका.

टोचन करून आणणं हा प्रवासाचा मार्ग धरू नका. बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढायला ते ठीक. ब्रेक नसलेली गाडी दोराने पन्नास किलोमीटर ओढायची, हा जीवाशी खेळ आहे.

उतरवण्याचा दिवस

ट्रक आला की अर्धं गाव जमतं. 'कायचं भंगार आनलं बे?' पासून 'माह्या मामाकडं अशीच होती' पर्यंत सगळं ऐकायचं आणि हसायचं. पण हुकूम एकाच माणसाने द्यायचा. 'सोड सोड' आणि 'थांब थांब' एकाच वेळी दोन बाजूंनी आलं की स्टेअरिंगवरचा माणूस गोंधळतो.

गाडी मागे घरंगळत खाली येते आणि तिचे ब्रेक लागतील असं धरूनच चालायचं नाही. पुढच्या अ‍ॅक्सलला जाड दोर बांधा, तो ट्रकच्या हौद्यातल्या दांडीला एक वेढा देऊन चार माणसांच्या हातात द्या, आणि इंच इंच सोडायला सांगा. मुरमाच्या उतारावर, गाडीच्या मागे, कुणीही उभं राहायचं नाही. ठोकळे घेऊन दोघे जण बाजूला, गाडी हातभर सरकली की दर वेळी ठोकळा चाकाखाली. धक्का आणि हौदा यांच्यात फट असेल तर सागवानी जाड फळ्या टाका. पातळ फळी गाडी मधोमध आल्यावरच मोडते. उतरली की ट्रक जाऊ देण्याआधी फोटोंशी ताडून बघा आणि काही लागलं असेल तर बिल्टीवर लिहून ड्रायव्हरची सही घ्या. मग उरलेलं भाडं.

उभी कुठे करायची? गोठ्यात नाही. शेण-मुताच्या वाफेने क्रोम काळं पडतं आणि पत्रा खाली गंजतो. खताच्या पोत्यांजवळही तेच. कापूस भरलेल्या खोलीला लागून तर अजिबातच नको: जुनं वायरिंग, टाकीतली वाफ आणि दाराआड शंभर क्विंटल कापूस, यातून काय होऊ शकतं ते सांगायला नको. बाजूंनी उघडी टिनाची शेड, खाली मुरूम किंवा फरशी, एवढं पुरे. उंदरांचा बंदोबस्त पहिल्याच रात्री करा, त्यांना जुन्या वायरी फार आवडतात.

चावी लगेच फिरवू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक दिवस राहू द्या, मग इंजिन हाताने फिरवा. मोकळं फिरलं तर ऑइल, पाणी, पाइप बदलून मग सेल्फ.

आरटीओ

घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर जुना नंबर कायम राहतो, आणि १९८९ च्या आधीचा, 'एमएच' नसलेला तीन अक्षरी नंबर हा हौशी माणसाचा दागिनाच. परराज्यातल्या गाडीला इथला नवा नंबर घ्यावा लागतो, कर भरावा लागतो. एवढ्यासाठीच, थोडे पैसे जास्त गेले तरी महाराष्ट्रातली गाडी घ्या असं मी सांगतो. नोंदणी वाढवायची फी २० वर्षांवरच्या कारसाठी २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा. तो सौद्यातच धरा.

पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. १९७४ ला पद्मिनी हे नाव लागलेल्या गाड्या आता कुठे या रेषेत येताहेत. मात्र अशी गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. बाजाराला गाडी न्यायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

नोंदणी संपलेली गाडी तपासणीला न्यायलाही फ्लॅटबेडच लागेल, त्याचा फोन नंबर पुसून टाकू नका. आदल्या दिवशी चेसिस नंबरवरचं ग्रीस आणि माती डिझेलच्या फडक्याने काढा. पॉलिश पेपर मुळीच लावू नका. एखादा अंक जरी झिजलेला दिसला तरी इन्स्पेक्टर गाडी परत पाठवतो.